शिवेचे तांदूळ

मंगळवार, २७ जानेवारी

शहर आलं म्हणे. मी सकाळपासून उंबऱ्यात बसलेय, मला काही दिसलं नाही. एक कोंबडी गेली, पाण्याचा टँकर गेला, दोन कुत्री गेली. शहर गेलं नाही.

दुपारी रक्षिता आली, समोरच्या पंचायतीच्या ऑफिसातून. तिथे दारावर कागद लावलाय. आमचं होंगेकुंटे आता महानगरात घालणार. हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्या. मी विचारलं, आधी कुणाला विचारलं होतं का? ती म्हणाली, तेच तर, अज्जी, कुणालाच नाही. मी म्हटलं, मला लग्नातसुद्धा कुणी विचारलं नव्हतं, आणि ते तर याहून जवळचं काम.

हसली नाही. नात माझी, पण हसणं आईचं घेतलंय — सणावारी काढायचं.

हे वाक्य शिवलीला लिहीत नव्हती. लिही म्हटलं. लिहिलं.

शिवलीला माझी सून, रक्षिताची आई, निपाणीकडची. या घरात मराठी सगळे बोलतात, पण मराठी अक्षर फक्त तिला येतं. माझा मुलगा शंभू आणि रक्षिता कन्नड शाळेतले. मला तर कुठलंच अक्षर नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर पडून होते, वेळ जाईना, तेव्हापासून ही सवय — मी बोलायचं, तिने लिहायचं. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना वाचता येत नाही. याहून चांगलं कुलूप बाजारात मिळत नाही.

किल्ली सुनेकडे, एवढंच.

गुरुवार, २९ जानेवारी

घरात दोन पक्ष झालेत.

शंभूचा पक्ष शहराचा. माझा मुलगा तीस वर्षं पीण्याच्या कारखान्यात लेथवर उभा राहिला. पहाटे दोन बस बदलून जायचा. तो म्हणतो, शहरात आयुष्य मी घातलं, शहराने आता इथवर यावं, काय बिघडलं? नळ येईल, गटार येईल, बस दारात येईल.

रक्षिता दुसरा पक्ष. एकोणतीस वर्षांची, पंचायतीची मेंबर. तिचं म्हणणं, नळ येवो नाहीतर अमृत येवो, आधी विचारायला नको? शेजारच्या अरळापुरला नळ देतो म्हणाले होते. एकोणीस वर्षं झाली शहरात जाऊन, अजून टँकर. आता पंचायत आहे तर दार ठोकून भांडता येतं. उद्या भांडायला पालिकेत जायचं तर आधी कुठल्या मजल्यावर जायचं ते विचारत फिरायचं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला भाकरी वाढा.

दोघांचंही खरं आहे. म्हणून तर भांडण मिटत नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

टीव्हीवर कोट घातलेले पाच लोक आमच्या गावावर बोलत होते. एकालाही नाव नीट म्हणता आलं नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

ग्रामसभा झाली. ऑफिसचा हॉल भरला, बायका व्हरांड्यात, गडी कट्ट्यावर. आम्हाला न विचारता आमचं गाव घेता येणार नाही, असा ठराव रक्षिताने वाचला. आवाज चांगला आहे पोरीचा, आजोबांवर गेलाय. जयसिंगराव बोलायचे तेव्हा बैलसुद्धा रवंथ थांबवायचा.

सगळ्यांनी सह्या केल्या. मी अंगठा दिला. पुसट उमटला. पंचाहत्तर वर्षं चिंच, राख आणि भांडी — रेषा राहतील कशा? रेशनचं मशीनसुद्धा मला ओळखत नाही. दर महिन्याला मी तीच आहे हे त्याला समजावून सांगावं लागतं.

बाहेर माईकवाली एक मुलगी आली होती. शहरात गेल्यावर तुम्हाला काय वाटेल, अज्जी? मी म्हटलं, जन्मात कधी मला शहरात राहायला नेलं नाही कुणी. नवऱ्याने नाही, मुलाने नाही. आता घरबसल्या येतंय, तर मी कशाला नको म्हणू?

रक्षिता रात्री जेवली नाही. म्हणाली, तेवढंच दाखवलं त्यांनी. तीनशे लोकांचा ठराव सोडून तेवढंच.

चूक झाली. जीभ आणि विंचू, दोघांना वेळ कळत नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

रक्षिता बोलत नाही. मी पण.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मोजणीवाला आला. ठरावात रक्षिताने लिहिलंय ना — तळं, थोप म्हणजे चिंचेची राई, विहीर, ऑफिस आणि इतकी घरं आमच्या हद्दीत — तर हद्द बघायला पालिकेने पाठवला. तीन पायांचं मशीन. भला माणूस, चहाला नाही म्हणत नाही.

अरळापुर आणि आमच्यामध्ये शिवेचा दगड आहे, आमच्या परसाच्या मागे. पलीकडे अरळापुर, म्हणजे शहर. अलीकडे आम्ही. तळ्याच्या मोरीपासून दगडापर्यंत त्याने दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

म्हणाला, नकाशात दगड इथे नाही. ऐंशी पावलं मागे आहे, चिंचेपाशी. एक तर नकाशा चुकला, नाहीतर दगड चालला.

सगळे हसले. मी पण हसले, जरा उशिरा.

मग त्याने विचारलं, गावात शिवेचं काही करता का? रक्षिताने सांगितलं — मारम्माच्या जत्रेत आमच्या घरातली थोरली बाई कुंकवाचे तांदूळ टाकत शिवेवरून चालते. कन्नड लोक चरगा म्हणतात. तांदूळ संपतात तिथे शीव संपते. परात उपडी करायची, हात धुवायचे आणि मागे न बघता घरी जायचं. सध्या माझी अज्जी टाकते.

तो म्हणाला, सरी, म्हणजे बरं. चोवीस तारखेला जत्रा ना? तेव्हा येतो. अज्जीचे तांदूळ कुठे संपतात ते बघतो, त्यांचा जबाब घेतो, अंगठा घेतो. जुन्या माणसाचा शब्द नकाशाहून वर.

माझ्याकडे बघून गोड हसला. मेल्याला काय माहीत.

रविवार, १५ फेब्रुवारी

शिवरात्र. उपास. रताळी बरी होती.

सोमवार, १६ फेब्रुवारी

शिवलीले, आज थांबू नकोस. मी बोलते ते लिही, मग मिटून टाक.

शंभू पोटात होता ते साल. तळं आटलं, इतकं की पोरं मधोमध गोट्या खेळायची. पाणी एकाच विहिरीला — ही आमच्या दारातली. तेव्हा ती आमची नव्हती. दार पण नव्हतं, आम्ही गावात राहायचो. विहीर अरळापुरची. त्यांच्या बायकांचं भरून झालं की आम्हाला घराला तीन घागरी. त्यांचं बरोबर होतं, पाणी त्यांचं. पण तीन घागरीत सात माणसं आणि दोन बैल.

अरळापुरची जत्रा होती. भर दुपार, सगळे देवळात. जयसिंगराव पहार घेऊन निघाले. मी मागे पाटी घेऊन. दगड चिंचेखाली होता, जिथे मूळ म्हशीच्या पाठीसारखं वर आलंय तिथे. त्यांनी उपटला, दोराने ओढत विहिरीच्या पलीकडे नेला, रोवला. मी माती टाकली. शेणाने सारवलं, वर कुंकू लावलं. जुना दिसायला हवा ना.

पंधरा दिवसांनी आमची जत्रा. सासूबाईंना ताप, म्हणून तांदूळ माझ्या हातात आले. मी चिंचेपाशी थांबले नाही. पुढे गेले, विहीर ओलांडून, नव्या दगडापर्यंत. सगळं गाव मागे. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना तहान होती.

अरळापुरचे लोक विचारायला आले. दगड इथेच होता का? आमच्या गावाने एका आवाजात सांगितलं — इथेच होता. त्यांची घरं बावीस, आमची दोनशे. ते गेले.

दुसऱ्या दिवशी ठकुबाई घागर घेऊन आली. आम्ही दोघी एकाच मांडवातून निघालेल्या — तिला अरळापुरला दिली, मला इथे. तिला मी विहिरीवर अडवलं. म्हटलं, आधी आमच्या गावच्या बायका भरतील. ती उभी राहिली. घागर कमरेवरून खाली ठेवली नाही. मग तशीच गेली.

पुढे चिंच ते दगड या ऐंशी पावलांत सगळं वाढलं. थोप वाढला, ऑफिस बांधलं, हे घर बांधलं.

तेव्हाची मोठी माणसं सगळी गेली, आता हे माहीत असलेली माणसं दोन. एक मी. दुसरी ती.

शिवलीलाचा हात थांबला नाही. पण अक्षर मोठं आलंय म्हणाली.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

तीन झाली की. लिहिणारी धरून.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

ठकुबाईकडे गेले. शिवलीला सोबत.

चालत पाच मिनिटांचं अंतर. पण मध्ये मोठी भिंत आलीय, म्हणून ऑटो करून पाऊण तास. त्यांच्या शेतावर इमारत उभी राहिली, बदल्यात चौथ्या मजल्यावर घर मिळालं. खाली वॉचमनने वहीत लिहायला विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, मागून.

ठकुबाईने दार उघडलं. केस माझ्याहून काळे. रंग लावते, कबूल करत नाही.

"ये, सोयरक्का. पन्नास वर्षं लागली तुला."

"लिफ्ट हळू आहे तुमची," मी म्हटलं.

शहरात कसं असतं ते विचारलं. म्हणाली, लिफ्ट चालू असली की शहर, बंद पडली की गाव. पाणी टँकरचं, सकाळी एक तास. तिने गॅलरीत नेलं. खाली भिंत, भिंतीपलीकडे आमची विहीर. माझी वाळत घातलेली साडीसुद्धा दिसली. रोज बघते म्हणाली. तू दुपारी किती वाजता झोपतेस तेही मला माहीत आहे.

कॉफी दिली. मग म्हणाली, विचारायला आलीस की सांगायला?

मी बशीत कॉफी ओतून फुंकत राहिले.

"दगड हलवला ते मला त्याच संध्याकाळी कळलं," ती म्हणाली. "चिंचेखाली गवत पिवळं होतं. दगडाखालचं असतं तसं. एवढासा चौकोन."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं? पुढे पालिकेने घेतलं, तेव्हाही नाही विचारलं. पण पालिकेचा राग नाही आला मला तेवढा. ती मला ओळखत नव्हती, सोयरक्का. तू ओळखत होतीस."

शिवलीला खाली मान घालून बिस्कीट मोडत होती.

निघताना ठकुबाईने माझ्या पदराला दोन लिंबं बांधली. कुंडीतली. चौथ्या मजल्यावर लिंबं येतात, हे मला माहीत नव्हतं.

रविवार, २२ फेब्रुवारी

रक्षिता माझ्याजवळ येऊन बसली. तेल घेऊन आली होती, पायाला लावायला. म्हणजे काम मोठं.

म्हणाली, अज्जी, परवा एवढंच करायचं. दरवर्षीसारखी दगडापर्यंत चाल. तो विचारेल, दगड पहिल्यापासून इथेच का? हो म्हण, अंगठा दे.

मी विचारलं, आणि समज, दगड चिंचेपाशीच होता असं निघालं तर?

तर ऑफिस आपल्या गावात नाही, अरळापुरात. म्हणजे आपली सभा आपल्या गावात झालीच नाही. सभा गावाच्या हद्दीतच व्हावी लागते. ठराव रद्द. परत सभा घ्यायची तर आठ दिवस आधी दवंडी लागते, आणि हरकतीचा शेवटचा दिवस गुरुवार. ती तेल चोळत बोलत होती. पंचवीस दिवस घरोघर फिरलेय मी, अज्जी. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी यांना विचारावं एवढंच मागतेय.

मग थांबली. असं का विचारतेस?

मी म्हटलं, म्हातारी झाले, काहीही विचारते. डावा पाय राहिला.

पोरगी खरं बोलते. तिच्या सगळ्या कागदांत खोटं एकच आहे, आणि ते माझं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

तांदूळ धुऊन वाळवले. कुंकू लावलं. कडुलिंब शंभूने आणला. शहर आलं तर जत्रेला परवानगी काढावी लागेल का, म्हणून विचारत होता. हा शहराचा पक्ष!

शिवलीलाने आज पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आत्याबाई, माझी लेक आहे ती."

"माझी नात आहे," मी म्हटलं.

एवढंच. नंतर तिने पेन उचललं.

उद्या काय करणार ते मी वहीत घालत नाही. वहीचा हात तिचा आहे. तिला ओझं कशाला? आणि खरं सांगायचं तर मलाच माहीत नाही. पाय ठरवतील. पन्नास वर्षं त्यांना एकच वाट माहीत आहे.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

तमटे वाजत पुढे, मी मागे, माझ्यामागे गाव. तळं झालं, थोप आला. चिंचेच्या मुळापाशी पोचले तर शिवलीला तिथे आधीच उभी — हात धुवायचा तांब्या घेऊन. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

परात तिथेच उपडी केली. तमटे थांबलं.

रक्षिता जवळ आली. "अज्जी, दगड पुढे आहे."

"दगड पुढे आहे. गाव इथवरच."

मोजणीवाल्याने विचारलं ते सगळं सांगितलं, पहारीपासून. अंगठा दिला. पुसटच उमटला. चालतो म्हणाला.

शिवलीलाने हातावर पाणी घातलं. मग मागे न बघता घरी जायचं असतं. म्हणून रक्षिता येतेय की तिथेच उभी आहे, ते पाहता आलं नाही. आमचं घर चिंचेच्या पलीकडे, म्हणजे अरळापुरात, विहिरीशेजारी, जयसिंगरावांनी हौसेने बांधलेलं. चालत गेले.

एकोणीस वर्षं मी शहरातच राहतेय.